अंगणातली रेल्वे बघायला सगळे येतात, करायला कोणी का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंबाजोगाईला घरामागच्या मोकळ्या जागेत तुम्ही दोन रुळांत ४५ मिलिमीटर अंतर असलेली छोटी रेल्वेगाडी बसवली आहे. रविवारी गल्लीतली लेकरं जमतात, पाहुणे व्हिडिओ काढतात, "लई भारी" म्हणतात आणि जातात. दोन वर्षांत त्यांतल्या एकानेही स्वतःचा रूळ टाकलेला नाही. मराठवाड्यासारख्या भागात या छंदाला नवी माणसं मिळतील का, आणि कशी?

मिळतात. फक्त ती बघ्यांच्या गर्दीतून आपोआप गळून पडतील ही आशा सोडा. धावती गाडी बघण्यात मजा असते ती पाच मिनिटांची. तिसऱ्या फेरीला लेकरू मोबाइल काढतं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही, कारण त्याने करावं असं तिथे काही ठेवलेलंच नसतं. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून तुमची मांडणी फारच नीटनेटकी दिसते. स्टेशन रंगवलेलं, खडी बसवलेली, झुडपं कातरलेली. अशा ठिकाणी आलेला माणूस हात मागे बांधून उभा राहतो, देवळात राहावं तसा.

माणूस या छंदात खरा शिरतो तो हातात पक्कड आल्यावर. म्हणून रेल्वेचा एक तुकडा कायम अर्धवट ठेवायचा, आणि तो मुद्दाम ठेवायचा. माझ्याकडे परभणीला विहिरीच्या बाजूला एक साइडिंग, म्हणजे मुख्य रुळाला फुटलेला फाटा, आहे, ती कधीच पूर्ण होत नाही. दर महिन्याला तिचं काहीतरी काम निघतं. आलेल्या माणसाला चहा देतानाच मी स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या लाकडी पट्ट्या, पुढे करून विचारतो, "एवढे स्लीपर मारू लागता का?" निम्मे लोक हसून नाही म्हणतात. जे बसतात ते तासभर बसतात, आणि पुढच्या खेपेला सर्वांत आधी "माझे स्लीपर कुठं आहेत" ते बघायला जातात. त्या दिवशी तो माणूस पाहुणा राहिलेला नसतो. तुम्ही स्टेशनाच्या मागची भिंत पाडून टाका असं मी म्हणत नाही. पण पुढच्या रविवारच्या आत निदान दोन मीटर रूळ उखडून ठेवा.

आता पैशाचं बोलू, कारण बघणाऱ्याचा पहिला प्रश्न हमखास "केवढ्याला पडलं?" हाच असतो. हा छंद आपल्याकडे आला तो परदेशी खोक्यांतून. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, जुनंच होतं, पण न्यूरेम्बर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ साली एलजीबी या नावाने ऊन-पावसात चालणारी मोठी गाडी बाजारात आणली आणि ४५ मिलिमीटरचे रूळ जगभरच्या बागांत गेले. त्या खोक्यात वळणाचे बारा तुकडे असतात. जोडले की सव्वा मीटरच्या आतबाहेर व्यासाचं एक वर्तुळ होतं. माल उत्तम आहे, वादच नाही. पण आयात इंजिनाची किंमत आणि वरचं सीमाशुल्क ऐकलं की आपल्याकडचा माणूस मनातल्या मनात त्याचे सोयाबीनचे क्विंटल करतो आणि विषय बदलतो. तो गेला म्हणून समजा. शिवाय या कंपन्यांच्या भरवशावर छंद उभा करणंही शहाणपणाचं नाही. लेहमान २००६ मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढच्या वर्षी मार्क्लिनने तो ब्रँड घेतला. अमेरिकेतली अ‍ॅरिस्टो-क्राफ्ट २०१३ मध्ये बंद झाली. तिकडचं या छंदाचं मुख्य मासिक १९८४ पासून निघत होतं, तेही २०२० मध्ये थांबलं. पुढची पिढी कुठे आहे हा प्रश्न तिकडेही तेवढाच पडलेला आहे. फरक एवढाच की त्यांच्याकडे निदान दुकानं तरी होती.

दुकानं नसली तरी मराठवाड्याकडे एक गोष्ट आहे जी जर्मनीतल्या शौकिनाला हेवा वाटावा अशी आहे, आणि आपण तिचा उपयोग करत नाही. एलजीबीने १:२२.५ हे प्रमाण धरलं ते मीटरगेजसाठी. १००० मिलिमीटरला २२.५ ने भागा, ४४.४ येतात. म्हणजे ४५ चे रूळ हे मुळात मीटरगेजचे रूळ. आणि आपली रेल्वे कोणती होती? निजामाच्या काळात, १९०० च्या आसपास, मनमाडपासून तेव्हाच्या औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड करत सिकंदराबादेपर्यंत गेलेली गोदावरी खोऱ्याची लाईन, सबंध मीटरगेज. नव्वदच्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज आली. पूर्णा-हिंगोली-अकोला पट्टा त्यानंतरही बराच काळ मीटरगेजच राहिला. आज चाळिशीच्या पुढचा इथला कोणताही माणूस त्या छोट्या गाडीच्या खिडकीत बसलेला आहे. वायपी या वाफेच्या इंजिनाची शिट्टी, नंतरचं वायडीएम-४ डिझेल, पूर्णा जंक्शनवर गाडी बदलण्याची घाई, हे सगळं त्याच्या अंगात आहे. आणि आपण त्याला दाखवतो काय, तर आल्प्समधलं लाल इंजिन आणि बर्फाच्छादित छपराचं स्टेशन!

तुमच्या स्टेशनाची पाटी बदला. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत "परळी वैजनाथ" किंवा "मिरखेल" लिहा. एवढ्या एका गोष्टीने बघणाऱ्याचं बोलणं बदलतं, हे मी परत परत पाहिलं आहे. पाटीआधी लोक किंमत विचारतात. पाटीनंतर ते सांगायला लागतात. कोणाचा मामा गँगमन होता, कोणी चुलत्याच्या लग्नाला टपावर बसून गेलेलं असतं, कोणी ठामपणे सांगतं की पाण्याची टाकी तुम्ही चुकीच्या बाजूला लावली. या शेवटच्या माणसाला सोडू नका. टाकी कुठे होती यावर भांडणारा माणूस पुढे टाकी करून आणतो.

लातूर-धाराशिवकडच्या लोकांसाठी दुसरी गोष्ट आहे, बार्शी लाईट रेल्वेची. ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने आखलेली. १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली, १९११ मध्ये लातूरला पोचली. चाकांच्या एका आसावर पाच टनांहून जास्त भार द्यायचा नाही हा कॅलथ्रॉपचा आग्रह होता, त्यामुळे हलके रूळ पुरले. तिची इंजिनं लीड्सच्या किट्सन कारखान्यातून आली. नॅरोगेजचा अभ्यास करणारे लोक जगात जिथे कुठे आहेत तिथे हे नाव माहीत आहे. लातुरात मात्र नव्या लेकरांना ते सांगावं लागतं, कारण २००८ च्या सुमारास तीही ब्रॉडगेज झाली. मॉडेल करायचं तर ३२ मिलिमीटरच्या रुळांवर हे गेज १:२४ च्या अगदी जवळ बसतं, आणि १:२४ च्या मोटारी खेळण्याच्या दुकानात सहज मिळतात. तुमचं अंबाजोगाई लातूरला जवळ, तेव्हा एखादा छोटा फाटा या गेजचा टाकायला हरकत नाही. पण नव्या माणसाला गेजांच्या गणितात पहिल्याच दिवशी बुडवू नका. मला स्वतःला हे आकडे फार आवडतात, म्हणूनच सांगतो: आवडणाऱ्याने ते तोंडातच ठेवावेत.

लेकरांना या दोन्ही गाड्या आजोबांच्या गोष्टीइतक्या लांबच्या. त्यांच्यासाठी मी जलदूत सुचवतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी भरून लातूरला जी गाडी आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी, ती तिथल्या प्रत्येक घराने पाहिली किंवा तिच्याबद्दल ऐकलं आहे. ती मालगाडी ब्रॉडगेजवरची, म्हणजे ४५ च्या रुळांवर तिचं प्रमाण १:३७ पडतं. त्या प्रमाणात टाकीच्या पिंपाला ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप जवळजवळ नेमका बसतो आणि वाघीण फूटभराहून किंचित लांब होते. शेतातल्या पाइपचे तुकडे कोणत्याही गावात पडलेले असतात. दोन टोकांना झाकणं, वर एक बाटलीचं बूच, खाली लाकडी पट्टी आणि चाकांच्या दोन जोड्या. खऱ्या वाघिणीखाली दोन बोगी, म्हणजे चार-चार चाकांचे दोन गाडे, असतात, पण पहिल्या खेपेला चार चाकांवर भागवा. सातवीतलं लेकरू दोन सुट्ट्यांत ही वाघीण करतं. मग त्यात खरंच पाणी भरून बागेच्या या टोकाकडून त्या टोकाच्या रोपांना नेऊन ओतायचं. इथे गाडीला काम मिळालं. नुसती गोल फिरणारी गाडी आणि तुळशीला पाणी नेणारी गाडी यांत लेकरांच्या लेखी फार मोठा फरक आहे. मीटरगेजच्या स्टेशनावर १:३७ ची वाघीण कशी, असं विचारणारे शुद्धतावादी भेटतील. त्यांना चहा द्या.

कोणाकडे जायचं, याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. नववी ते बारावीच्या पोरांच्या मागे लागू नका. लातूर पॅटर्नच्या प्रदेशात त्या चार वर्षांत पोराच्या हातात पक्कड दिसली तर आईबाप तुमच्याच घरी येतील, आणि त्यांचंही चूक नाही. पाचवी ते आठवी हे वय धरा. त्यांतली काही पोरं बारावीनंतर, पॉलिटेक्निकला किंवा आयटीआयला गेल्यावर परत येतात आणि तेव्हा त्यांना वेल्डिंग, सोल्डरिंग, थ्रीडी प्रिंटर सगळं येत असतं. मधल्या काळात त्यांना गणपतीच्या सुट्टीत एकदा बोलवायचं, बस.

सर्वांत मोठी खाण मात्र निवृत्त रेल्वेवाल्यांची. पूर्णेला मीटरगेजचं लोको शेड होतं. नांदेड, परभणी, परळी, जालना इथल्या कॉलन्यांत आजही जुने ड्रायव्हर, गार्ड, पॉइंट्समन (गाडीचा रूळ बदलायचा पॉइंट ओढणारे), गँगमन राहतात. यांना छंद म्हणून काही शिकवायला जाऊ नका. त्यांच्याकडून शिकायला जा. "काका, लूप लाईनवर गाडी घेताना सिग्नल आधी की पॉइंट आधी?" असं विचारून बघा. संध्याकाळ कशी जाते कळत नाही. त्यांच्यापैकी कित्येकांना गुडघ्यांचा त्रास असतो, जमिनीवर बसवत नाही, म्हणून रुळाचा निदान एक भाग कमरेच्या उंचीवर न्या. विटांचे खांब आणि त्यावर शहाबादी फरशीच्या पट्ट्या, एवढ्यात होतं. त्याने दुसरा फायदा असा की त्या उंचीवर गाडी बघणाऱ्याच्या नजरेजवळ येते, आणि कुत्री-मांजरं बाजूला राहतात. वानरांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

तिसरा गट म्हणजे लेथवाले, फॅब्रिकेशनवाले, मोटर रिवाइंडिंगवाले. वाळूज-शेंद्र्याच्या पट्ट्यात तर असे हात ढिगाने आहेत, पण तालुक्याच्या गावीही एक तरी असतोच. त्याला गाडीचं आकर्षण नसतं. त्याला नेमकं माप लावलेली वस्तू आवडते. चाकाच्या जोडीत आतल्या बाजूंमधलं अंतर ४० मिलिमीटर हवं, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर पॉइंटवर गाडी पडते, असं सांगितलं की त्याचे डोळे चमकतात. असा माणूस एकदा चाकं करून देतो, मग ती धावताना बघायला येतो, आणि मग सुधारून आणतो.

आणि बायका. आपल्या सगळ्या चर्चा पुरुषांच्या चालतात, आणि मग घरात "ह्यांचं खूळ" असं नाव पडतं. मराठवाड्यात महालक्ष्म्यांची आरास किती जीव ओतून करतात ते तुम्हाला सांगायला नको. त्या तीन दिवसांत एक रूळ आराशीभोवती टाकून बघा, पण आखणी घरातल्या बाईच्या हातात द्या: गाडी कुठून निघेल, डब्यात फराळाचं काय ठेवायचं, बोगदा कशाचा करायचा. हळदीकुंकवाला आलेल्या साऱ्या जणी ती बघतात. माझ्या माहितीत बागेच्या रेल्वेत झाडं, घरं, बाजार, माणसं यांचं सर्वांत चांगलं काम करणाऱ्या दोघी अशा आराशीतूनच आल्या. एकीने केलेला आठवडी बाजार, त्यातल्या ताडपत्र्या आणि मिरच्यांचे ढीग, बघणाऱ्याला गाडी विसरायला लावतो.

आता लोक आले, बसले, त्यांना गुंतवायचं कसं. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण नवी माणसं टिकण्याचं खरं कारण मला यातच सापडलं. गाडी "फिरवायची" नाही, "चालवायची". एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून जुन्या लाईनवर टोकनची पद्धत होती. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यासाठी यंत्रातून एका वेळी एकच गोळा निघायचा. तो ड्रायव्हरच्या हातात असेल तरच गाडी सुटायची, पुढच्या स्टेशनावर तो परत यंत्रात गेला की दुसरा निघायचा. बागेत यंत्र कशाला? रंगवलेला एक लाकडी चेंडू पुरतो. बागेच्या दोन टोकांना दोन स्टेशनं, प्रत्येकी एक स्टेशनमास्तर, दोन ड्रायव्हर, एक पॉइंट्समन. मालाच्या चिठ्ठ्या करायच्या: जालन्याहून लोखंडी सळ्या परभणीला, परभणीहून कापसाच्या गाठी मनमाडला, रिकामी वाघीण परत. गोळ्याशिवाय गाडी हलवली की चूक. बघता बघता पाच माणसांना काम लागतं आणि दोन तास कोणी मोबाइल काढत नाही. लेकरू ओरडतं, "काका, गोळा दिलाच नाही तुम्ही!" आणि निवृत्त गार्डसाहेब खरोखर ओशाळतात.

याला पटरी मोठी लागत नाही. एक सरळ मार्ग, दोन टोकांना एकेक पॉइंट, झालं. गोल वर्तुळापेक्षा जागाही कमी जाते, कुंपणाच्या कडेने टाकता येतो. पॉइंट हाताने ओढायचे. नव्या माणसाला विजेची पॉइंट मोटर दाखवलीत तर तो बटण दाबेल आणि परत हात मागे बांधेल.

पहिली गाडी स्वस्तात कशी करायची, ते आता सविस्तर लिहितो, कारण "केवढ्याला पडलं?" याचं उत्तर तुम्हाला न लाजता देता आलं पाहिजे. रुळांत वीज सोडायची नाही, हा पहिला निर्णय. बॅटरी गाडीतच. मग रूळ घासणं नाही, धुळीचं भय नाही, लाईट गेली तरी गाडी चालू, आणि रूळ कोणत्याही धातूचे चालतात. १० बाय ३ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उभी धरायची, तोच रूळ. सुताराकडच्या सागवानी तुकड्यांतून स्लीपर काढायचे. खरा मीटरगेजचा लाकडी स्लीपर सहा फूट लांबीचा. आपल्या प्रमाणात ८१ मिलिमीटर लांब, ९ रुंद, ५ जाड. पट्टी बसवायला खाच घ्यायची असते म्हणून जाडी दुप्पट ठेवा, खडीत बुडाल्यावर कोणाला कळत नाही. सुताराला सांगून लांब पट्टीवरच दोन खाचा मारून घ्या आणि मग तुकडे पाडा, म्हणजे सगळ्या स्लीपरांचं माप एक येतं. आतल्या बाजूंमध्ये ४५ मिलिमीटर पाहिजेत. त्यासाठी लाकडाचा एक ठोकळा कायम खिशात ठेवायचा. मीटरला तीसेक स्लीपर लागतात. आधी ते जळक्या ऑइलमध्ये रात्रभर बुडवा, वाळवी लागत नाही. मात्र पूर्ण निथळून, पुसून मगच खाचेत इपॉक्सी भरा, आणि तरी पकड धरली नाही तर दर पाचव्या स्लीपरला बारीक स्क्रू मारा.

इंजिनासाठी १२ व्होल्टची गिअर मोटर, रोबोटिक्सवाल्या पोरांकडे असते ती. चाक ३० मिलिमीटरचं आणि मोटर मिनिटाला २०० फेऱ्यांची धरलीत तर गाडी सेकंदाला साधारण ३१ सेंटिमीटर जाते. प्रमाणात ते ताशी पंचवीसेक किलोमीटर होतात. मीटरगेजच्या मालगाडीला शोभेल असा वेग. बाजारातली खेळण्यातली गाडी याच्या तिप्पट पळते म्हणूनच ती खेळणं दिसते. तीन लिथियम सेल एकापुढे एक जोडले की ११.१ व्होल्ट मिळतात, तेवढे पुरतात. सेलना प्रोटेक्शन सर्किट हवंच, यात काटकसर करायची नाही; आणि मे महिन्यात बॅटरीचं इंजिन उन्हात ठेवून जेवायला जायचं नाही. वेग कमीजास्त करायला साधा रिमोट चालतो, हौशी पोरं फोनवरून चालवतात.

डब्यांचं एक सांगतो. खरा मीटरगेजचा प्रवासी डबा १९ मीटरहून लांब होता, आपल्या प्रमाणात तो पाऊण मीटरच्या पुढे जातो आणि छोट्या वळणावर बाहेर झुकतो. नवखा माणूस हौसेने तोच करायला घेतो, तो वळणावर पडतो, आणि हौस तिथेच मरते. त्याला चारचाकी वाघीण द्या. फूटभर लांब, चार भिंती, संपलं. वळणाची त्रिज्या जागा असेल तर सव्वा मीटरच्या खाली नेऊ नका, चढ ५० फुटांत एक फुटाहून जास्त नको.

जमिनीबद्दल परदेशी माहितीवर विसंबू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर थेट टाकलेला रूळ एका वर्षात सापासारखा होतो. वीतभर खोल चर काढून मुरूम ठोकून भरायचा, वर क्रशरची बारीक कच, मग रूळ. उष्णतेचंही बघा. जानेवारीच्या पहाटे रूळ १० अंशांवर असतो आणि मे महिन्याच्या दुपारी ६० पर्यंत तापतो. ५० अंशांच्या फरकात १० मीटर पितळी रूळ साडेनऊ मिलिमीटर वाढतो, अ‍ॅल्युमिनियमचा साडेअकरा. सांध्यांत फट सोडली नाही तर तो कुठेतरी उचलला जाणारच. झाडं कमी पाण्याची लावा: जेड, शेर, कोरफड, चिनी गुलाब. पाण्याच्या टँकरवर जगणाऱ्या गल्लीत तुम्ही खेळण्यासाठी हिरवळ पोसताय असं दिसलं, तर कोणी काही बोलणार नाही, पण येणारही नाही.

वेळ निवडताना आपलं वर्ष बघा. एप्रिल-मे मध्ये दुपारी कोणाला बोलवू नका. तेव्हा गाडी रात्री चालवायची. डब्यांत बारीक दिवे लावले आणि अंगणातले बंद केले की शेजारी बाजा टाकून बसतात. पावसाळ्यात दुरुस्ती. खरा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा, हुरड्याचा. ओळखीच्या कोणाच्या शेतात हुरडा पार्ट्या होत असतील तर आगटीपासून लांब, झाडाखाली वीस मीटर तात्पुरता रूळ टाका आणि गाडीवरून गूळ-चटणी पोचवा. शहरातून आलेली कुटुंबं तिथे निवांत असतात, दुसरं काही करायचं नसतं. अशा एका दिवसातून एखादा खरा माणूस मिळाला तरी पुष्कळ झालं. पुण्याला जाणाऱ्यांना कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून यायला जरूर सांगा, पण ती घरातली, लहान प्रमाणातली आणि फार पुढे गेलेली गोष्ट आहे. नवख्याने ती आधी बघितली तर "हे आपलं काम नाही" असं तो ठरवून टाकतो. वाघीण केल्यावर बघू द्या.

वाफेच्या खऱ्या इंजिनाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. त्याच्यासारखं दुसरं काही नाही, हे खरं. पण ते पहिल्या भेटीत दाखवायचं नाही. बॉयलर, इंधन, भाजणारा पत्रा आणि चहूबाजूंनी लेकरं हे सगळं एका वेळी सांभाळता येत नाही, आणि बघणाऱ्याच्या मनात किंमतीचा आकडा परत वर येतो. दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

मंडळ स्थापन करू का, असं तुम्ही शेवटी विचारलंत. नको. अध्यक्ष-सचिव ठरेपर्यंत तीन माणसं रुसतात. त्याऐवजी एक पेटी करा. पत्र्याच्या ट्रंकेत एक बॅटरीचं इंजिन, दोन वाघिणी, आठ-दहा मीटर रूळ, ४५ चा ठोकळा, चार्जर, लाकडी गोळा. जो दोनदा कामाला बसला त्याला ती महिनाभर घरी न्यायला द्या, पैसे न घेता. अट एकच: परत करताना पेटीत स्वतः केलेली एक वस्तू वाढलेली असली पाहिजे. वाघीण, पाटी, सिग्नल, नाहीतर नुसते पाच स्लीपर. पेटी बीडकडच्या कोणाकडे गेली तर बघा काय होतं. तिथल्या लोकांनी रेल्वेची वाट पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला पहिल्यांदा अहिल्यानगरची गाडी बीडहून सुटली. तिथली लेकरं सध्या वहीच्या मागच्या पानावर इंजिनं काढत असतील. इंजिनाचं काही बिघडलं तर ते तुम्ही दुरुस्त कराल, बोलणार नाही, हे पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. आणि चार्जरवर घरातल्या मोठ्या माणसाचा फोन नंबर लिहून घ्या, कारण ट्रंकेतून पहिल्यांदा हरवतो तो चार्जरच.